शिळं पाणी मागणारे अप्पा

खोली बघायला गेले तेव्हा अप्पांनी मला ना जात विचारली, ना पगार, ना "लग्न कधी करणार". लातुरात खोली मागणाऱ्या एकट्या बाईला जे जे विचारतात त्यातलं काहीच नाही. जिन्यात उभं राहून त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, नळ आला की तुमच्या घरी शिळं पाणी काय करतात?"

मी हदगावची. आमच्याकडं विहिरीला पाणी, कॅनॉलला पाणी, आणि आईचा खाक्या असा की नळाला पहिली धार लागली की घरातली सगळी भांडी अंगणात पालथी. मी मोठ्या टेचात सांगितलं, "फेकून देतो की. शिळं कोण पितं?"

अप्पांनी कपाळाला हात लावला. "पाणी काय भाकरी हाय का मॅडम, शिळं व्हायला? का त्याला बुरशी धरती?"

खोली द्यायची नाही असंच त्यांनी ठरवलं होतं. काकूंनी आतून ओरडून सांगितलं, "द्या हो, लेकरू चांगल्या घरचं दिसून राहिलंय. शिकल हळूहळू." म्हणून मिळाली. खोली गच्चीवर होती आणि उरलेल्या गच्चीवर अप्पांचा कारभार होता. मी लातूरच्या एका क्लासमध्ये बायलॉजी शिकवायला आले होते. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना फळ्यावर नायट्रोजनचं चक्र काढून दाखवायचं, हे माझं काम. तेच चक्र माझ्या खिडकीबाहेर सकाळ-संध्याकाळ फिरत होतं, आणि मास्तरीणबाईंना ते ओळखायला पंधरा दिवस लागले.

आता मी नांदेडला कॉलेजात आहे. अप्पा पुण्याला मुलाकडं असतानाच वारले, त्यालाही दोन वर्षं होत आली. त्यांच्याबद्दल कुणाशी नीट बोलले नाही मी कधी. आज बोलते.

अप्पा पालिकेत पाणी सोडायला होते. लातुरात पाणी सोडणारा माणूस म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. नळ आठ-आठ दहा-दहा दिवसांनी येणार. ज्या गल्लीच्या पाइपाचा वॉल आधी फिरवला तिथल्या बाया चहा पाजणार, ज्या गल्लीचा मागून फिरवला तिथल्या बाया सात पिढ्यांचा उद्धार करणार. तीस वर्षं अप्पांनी चहा आणि शिव्या दोन्ही गुमान घेतलं. रिटायर झाले तेव्हा वॉलची ती लांब लोखंडी चावी परत केली, आणि दुसऱ्याच दिवशी लोहाराकडून तशीच एक करून आणली, काठी म्हणून. ती टेकत टेकत चालायचे. मधेच रस्त्यात थांबून, वाकून, पाइपाला कान लावायचे. "निघालं," म्हणायचे. "टाकीवरून निघालं. चौकात आलं. बाया हो, उठा." थोड्या वेळात खरंच नळ फुसफुसायला लागायचा.

त्यांना वारसुद्धा नळावरून कळायचे. सोमवार-मंगळवार त्यांच्या घरात नव्हतेच. नळ आला तो पहिला, मग दुसरा, तिसरा. काकूंना विचारावं, "दळण कधी आणायचं?" तर काकू म्हणणार, "चौथ्याला." मी आधी हसायचे. सहा महिन्यांनी माझ्याच तोंडून वर्गात "पाचव्याला टेस्ट आहे" असं गेलं आणि सगळी पोरं माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

"तीस वर्सं लोकाला पाणी सोडलो मॅडम," अप्पा म्हणायचे. "आता थेंब सोडणार न्हाई."

आणि खरंच सोडत नव्हते. गच्चीवर एक मोठी काळी टाकी होती, वरचं तोंड कापलेली. तिच्यात चिलापी मासे. शेजारी लोखंडी स्टँडवर आडवी कापलेली चार निळी बॅरलं, खडीनं भरलेली. त्या खडीत पालक, चुका, पुदिना, टमाटे, वांगी. माती नावाला नाही. कूलरची जुनी मोटर टाकीतलं पाणी उचलून खडीत टाकायची, खडीतून ते निथळून परत माशांच्या डोक्यावर पडायचं. एवढंच. मासे पाण्यात घाण करतात, खडीतले जिवाणू तिचं खत करतात, भाजी ते खत खाते, पाणी साफ होऊन परत टाकीत. मी हे फळ्यावर बाण काढून काढून शिकवायचे. अप्पांना त्यातला एक शब्द येत नव्हता. ते मोबाईलवर कुठल्या कुठल्या परदेशी माणसांचे व्हिडिओ बघायचे, तेही आवाज बंद करून. "हात काय करून राहिलेत ते बघायचं. तोंड कशाला ऐकायचं?"

लाइट गेली की मोटर बंद. मोटर बंद झाली की माशांना हवा कमी पडते. मग अप्पा हातात तांब्या घेऊन टाकीपाशी बसायचे. तांब्या भरायचा, उंच धरायचा, वरून धार सोडायची. परत भरायचा. लाइट येईपर्यंत, मग तास लागो का दोन तास. मी एकदा म्हणाले, "अप्पा, मी करू का थोडा वेळ?" तर म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या हाव, तुमचं ध्यान भटकतं."

घर लिंगायताचं. अंड्याचं टरफलसुद्धा त्या उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. आणि डोक्यावर पन्नास मासे. काकूंच्या माहेरचे लोक आले की जिन्याकडं बघत नसत. कुणी ना कुणी विचारायचंच, "खात न्हाई तर पोसता कामून?"

"खायला न्हाईत," अप्पा म्हणायचे, "नोकरीला हायत."

रोज सकाळी ते माशांची हजेरी घ्यायचे. पेंडीचे गोळे टाकायचे, मासे वर आले की चावीच्या टोकानं दाखवत मोजायचे. एक मोठा जाड मासा होता, तो ओव्हरसियर. "काम करत न्हाई, नुसता फिरतो." एक बारका चपळ होता, तो मुकादम. एक सदानकदा तळाला, त्याला म्हणायचे सिकलिव्हवाला. पन्नासचे पन्नास दिसले की "सगळे हजर" म्हणून मला ऐकू जाईल असं ओरडायचे. त्यावरच मी उठायचे.

आता शिळ्याचं सांगते. नळाच्या पाण्यात औषध असतं, क्लोरीन. त्यानं आपल्या पोटातले जंतू मरतात, तसे मासेही मरतात आणि खडीतले कामाचे जिवाणूही. पण तेच पाणी आठ दिवस उघडं ठेवलं की औषध उडून जातं. म्हणजे माशांना शिळंच लागतं. आणि अख्खी गल्ली नळ आला रे आला की शिळं गटारीत ओतायची. अप्पांना ते बघवत नसे. मग नळाच्या दिवशी दोन घागरी आणि चावी घेऊन ते दारोदार जायचे.

"शिळं हाय का, शिळं?"

बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. "काकू, मालक शिळं मागून राहिलेत. घरी ताजं मिळत न्हाई का?" काकू लाजून आत पळायच्या. कोपऱ्यावरची एक बाई तर मुद्दाम त्यांच्या देखत घागर पालथी करायची, कारण तिच्या सासूच्या काळी तिच्या गल्लीचा वॉल मागून फिरायचा. अप्पा तिच्या दारात थांबून राहायचे. "माय, राग माझ्यावर काढ. पाण्यावर नको." पुढं पुढं ती स्वतःच घागर आणून द्यायला लागली. एवढंच नाही, जाताना पालकाची जुडी घेऊन जायची आणि म्हणायची, "मासळीचा वास तर न्हाई ना येत?"

येत नव्हता. मी वर्षभर तो पालक खाल्ला. कोथिंबीर तोडताना मी सवयीनं "सांबार" म्हणायचे आणि अप्पा दर वेळेला तेवढेच हसायचे. "हदगावच्या, आमच्याकडं सांबार इडलीसंग येतं."

इतकं चांगलं चाललं होतं की काही बिघडेल असं वाटलंच नाही.

दिवाळीला त्यांचा मुलगा आला. पुण्यात इंजिनिअर. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगते. त्याचं म्हणणं असं, की ही सगळी टाकी-खडी काढू, गच्चीवर क्लासच्या पोरींसाठी अजून दोन खोल्या बांधू. अप्पांना त्या वयात घागरी वाहायला नकोत. बापलेकांची बरीच हुज्जत झाली. शेवटी मुलगा म्हणाला, "गुढीपाडव्याला येतो. तोपर्यंत हे नीट चाललं तर राहू द्या. न्हाई तर खोल्या." अप्पा म्हणाले, "मंजूर." त्या दिवसापासून ते हजेरी दोनदा घ्यायला लागले.

माझीही एक अट होती, ती माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना दादा म्हणतो. सोयाबीनचं शेत, करडा आवाज. लातूरला पाठवताना त्यांनी सांगितलं होतं, "घरमालकाची एक तक्रार आली की सामान बांधायचं, घरी यायचं, आन् मी म्हणीन तिथं लगीन." भाडेकरार अप्पांच्या मुलानं केला होता आणि त्याच्याकडं दादांचा नंबर होता. हे मी सांगते ते माझी बाजू मांडायला नाही. पण हे होतं.

पाडव्याला पंधरा-वीस दिवस राहिले असतील. काकूंच्या भावाचं नांदेडला ऑपरेशन निघालं. अप्पा-काकू दोघांनाही जावंच लागलं, तीन दिवस. जाताना त्यांनी मला टाकीपाशी उभं केलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही माझ्या बदली. सकाळी पेंड. लाइट गेली तर तांब्या. पाणी कमी वाटलं तर कोपऱ्यातल्या त्या उभ्या बॅरलातलं टाका. बस." बॅरलात गल्लीतून मागून आणलेलं शिळं होतं, काठोकाठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. गावात कावीळ चालू होती म्हणून औषध जास्त टाकलेलं, बादलीला नुसता वास. पण पाणी कसं, काचेसारखं. मी गच्चीवर गेले. उभ्या बॅरलातलं पाणी पिवळसर दिसत होतं, कडेला शेवाळ. टाकीतलं तर चहासारखं. आणि माझे हात आपोआप चालायला लागले. अप्पा परत येतील तेव्हा सगळं लख्ख दिसलं पाहिजे, एवढंच डोक्यात. मी ते बॅरल आडवं केलं. सगळं शिळं पन्हाळीतून खाली गेलं. काथ्यानं घासलं. ताजं भरलं. मग टाकीतलं अर्धं पाणी उपसलं आणि तिथंही ताजं घातलं. क्लोरीन काय करतं हे मला माहीत नव्हतं का? परीक्षेत आलं असतं तर पाच मार्कांचं लिहिलं असतं. पण ती सकाळ आईच्या अंगणातली होती आणि मी आईची लेक होते. अंग पुसून, केस विंचरून मी क्लासला गेले आणि तिथं त्या दिवशी, खोटं कशाला सांगू, नायट्रोजनचं चक्रच शिकवलं.

संध्याकाळी परत आले तेव्हा मासे वर तरंगत होते. पोट वर करून. ओव्हरसियर कडेला लागला होता, कल्ले उघडे. मी तांब्या घेऊन धार धरली, वेड्यासारखी, काही उपयोग नव्हता. सहा जिवंत राहिले.

फोन करायची हिंमत झाली नाही. अप्पा आले तेव्हा मी जिन्यातच रडत रडत सगळं सांगितलं. ते तसेच वर गेले. चावीच्या टोकानं उरलेले सहा मोजले.

"बॅरल रिकामं केलीस?" पहिल्यांदाच मला अगं-तुगं.

"हाव."

"घासलीस पण?"

"हाव. काथ्यानं."

त्यांनी मान हलवली. "लई इमानदारीनं मारलीस गं."

मग त्यांनी मागच्या अंगणात लिंबाच्या बुडाशी खड्डा केला. काकूंनी हळद टाकली. मला वाटलं आता सामान बांधायला सांगतील. रात्रीच्या जेवणाला त्यांनी मलाही खाली बोलावलं.

मासे नाहीत म्हणजे खत नाही, जिवाणूही गेलेले. पालक पिवळा पडला, टमाट्याची फुलं गळाली. अप्पा परत दारोदार शिळं मागायला गेले, पण बाग इतक्या लवकर सावरत नसते. पाडव्याला मुलगा आला, गुढी उभी केली आणि वर आला. मी दारातच उभी होते.

"हे काय झालं अप्पा?"

"ताजं पाणी गेलं टाकीत."

"कुणाकडून?"

"माझ्याकडून," अप्पा म्हणाले.

मी तोंड उघडलं. अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की मी ते मिटलं. मुलगा खाली गेल्यावर मी म्हणाले, "अप्पा, असं कामून केलात? मी सांगते त्यांना."

"खबरदार. तुमच्या काकूलाबी बजावून ठेवलंय. बदलीवरच्या माणसाची चूक कायम नोकरीवाल्याच्या नावावर लागती. डिपार्टमेंटचा कायदाच हाय तसा. ड्युटी माझी होती, मी सोडून गेलो." त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. आणि मला हायसं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

मला वाटलं होतं जास्तीत जास्त टाकी जाईल. पण मुलाच्या डोक्यात वेगळंच शिरलं. त्याच दिवशी दुपारी तो माझ्या दाराशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तीस वर्षं पाण्यात काढली त्यांनी. औषधाचं पाणी माशात सोडतील ते? त्यांचं अलीकडं काही चुकतंय का? विसरतात का?"

तेव्हा सांगायचं होतं मी. नंबर त्याच्या खिशात होता, दादा डोळ्यांपुढं होते. मी म्हणाले, "न्हाई, मला तर नीट वाटतात." त्याला ते पुरलं नाही. पुरणार कसं?

महिन्याभरानं तो अप्पांना तपासायला पुण्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"

अप्पा म्हणाले, "चौथा."

"चौथा म्हणजे?"

"नळाचा चौथा."

लातूरचा डॉक्टर असता तर हसला असता आणि म्हणाला असता, आमच्याकडं सहावा आहे. पुण्यातल्यानं ते लिहून घेतलं. काकूंनी परत आल्यावर मला हे सांगितलं तेव्हा त्याही हसत होत्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "म्हणतो, दोघंबी चला पुण्याला. यांना एकटं ठेवायचं न्हाई म्हणे. घर भाड्यानं देऊ सगळं."

मी अप्पांकडं गेले. ते उरलेल्या सहा माशांना पेंड टाकत होते. म्हणाले, "आता काय सांगू त्याला? मी न्हाई, ती पोरगी, असं? म्हाताऱ्यानं खापर फोडलं म्हणल तो. असू दे. लेकाच्या घरी चाललोय, जेलात न्हाई." काकू लातूर सोडून कधी राहिल्या नव्हत्या. अप्पाही नव्हते.

मे महिना सरता सरता टेम्पो आला. सहा मासे अप्पांनी कोपऱ्यावरच्या त्या बाईला दिले. तिच्या हौदात. कसं सांभाळायचं ते तिला तीनदा सांगितलं, ती तीनदा "हाव अप्पा" म्हणाली आणि रडायला लागली. सामान भरून झालं. अप्पा-काकू पुढच्या गाडीत बसले. काचा बंद होत्या. मुलगा घराला कुलूप घालत होता, खालच्या मजल्याला.

मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले. आदल्या दिवशी मी दादांना फोन करून स्वतःच सांगितलं होतं, माझ्या हातून असं असं झालं म्हणून. ते शिव्या देऊन देऊन थकले होते आणि शेवटी म्हणाले होते, "मग त्या माणसाला सांगितलीस का न्हाई अजून?" एवढ्याच गोष्टीला भिऊन मी दोन महिने काढले होते.

"भाऊ, ऐका," मी मुलाला म्हणाले. "ते पाणी मी टाकलं. अप्पा नांदेडला होते. बॅरल मी रिकामं केलं, टाकी मी भरली. अप्पांचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. त्यांना नका नेऊ."

त्यानं कुलूप ओढून बघितलं. माझ्याकडं वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशयही नव्हता.

"मॅडम, कळतं मला," तो म्हणाला. "तुमचा लई जीव आहे अप्पांवर. आई सांगत होती. पण त्यांना वाचवायला स्वतःवर नका घेऊ असं. आजार आहे तो, त्यात लाज कसली?"

"अहो, खरंच मी—"

"खरंच, मॅडम. सख्खं कुणी एवढं करत न्हाई."

आणि दोन्ही हात जोडून त्यानं माझे आभार मानले. गाडीच्या काचेतून अप्पा आमच्याकडं बघत होते. मी काय करणार? मीही हात जोडले.